अर्धाच आलेला संदेश

रोहा

प्रिय कमळाकर,

गुरुवारी सकाळी देवपूजा केली, पण फुलं ताम्हणातच राहिली. दुपारी घरी आलो तेव्हा लक्षात आलं. तसाच उठून मोतीरामच्या वाडीवर गेलो होतो. मोतीराम गेल्यापासून माझं असंच चाललंय. रडू येत नाही. भूक लागते, शिफ्ट होते, झोपही लागते.

तुला कळलंच असेल. कंपनीची टाकी धुवायला आत उतरला, आतल्या गॅसनं तिथंच पडला. कंपनी म्हणते, न विचारता उतरला. वाडीवरची माणसं म्हणतात, प्यायलेला असणार. त्याची बायको ठमी दारातच बसली होती. म्हणाली, "भाऊ, पोरीच्या लग्नापासून थेंब नाय घेतला त्यानं. तुमचा तो पडदा व्हय म्हनल तवाच उतरायचा. तुमच्या सायबांचं तोंड हुंगा आधी." मग मला पाणी दिलं.

परत आलो आणि तो गेला त्या दिवसाचे कच्चे बाइट उघडून बसलो. टाकीतला गॅस मोजणाऱ्या सेन्सरकडून तारेवाटे जे येतं ते जसंच्या तसं साठून राहतं, पडद्यावर काही का दिसेना.

तुझी युक्ती मला आजही आवडते. आधी आपल्या प्रोग्राममध्ये आपण सेन्सरचा प्रत्येक संदेश दुसऱ्या जागी उतरवून घ्यायचो, मग वाचायचो, आणि भोंगा उशिरा वाजायचा. तू म्हणालास, "महिपा, उतरवायचं कशाला? आला तिथंच वाच. हे बाइट म्हणजे वेळ, हे गॅसचं प्रमाण, हा शेवटचा म्हणजे धोका आहे की नाही." मी म्हणालो, हे तुमच्या पेणच्या गणपतीच्या कारखान्यासारखंच झालं. प्राणप्रतिष्ठा करताना कुणी दुसरी मूर्ती घडवत नाही. माती तीच, आपण तिला देव मानतो; उत्तरपूजा झाली की पुन्हा माती. तू हसलास, "भटजी, प्रोग्राम लिहितोस की कीर्तन करतोस?"

पण तुझी आई, विमलकाकी, मूर्ती गिऱ्हाइकाच्या हाती देण्याआधी बोटं, सोंड, कान, सगळ्यावरून हात फिरवायची. घाई करणाऱ्या बाईला ऐकवायची, "थांब गो, तडा गेलेला देव नेशील नि मला शिव्या घालशील." इथंही तेच. संदेश पूर्ण आलाय का, जागेवर नीट बसलाय का, शेवटच्या बाइटमध्ये 'आहे' किंवा 'नाही' सोडून तिसरंच काही नाही ना, एवढं बघायचं. मग तो खरा मानायचा.

त्या दिवशी तारेत पाणी गेलं होतं. संदेश अर्धाच आला. वेळ नवी आली, पुढचं काही आलंच नाही. त्या जागेत आधीच्या संदेशाचे बाइट तसेच पडून होते. आपल्या प्रोग्रामनं लांबी विचारली नाही. नवं डोकं आणि जुनं धड एकच समजून वाचलं, आणि पडद्यावर हिरवं 'सुरक्षित' दाखवलं. मोतीराम ते बघून उतरला.

गडब गावच्या शाळेत आपण एका बाकावर होतो. माझे वडील गेले तेव्हा दहाव्या दिवसापर्यंत तू माझ्या घरी झोपायला होतास. हे सगळं मला आठवतं. आठवून काही वाटत नाही, हे मात्र नवीन आहे.

लांबी तपासणारी ओळ तू लिहिली होतीस. नंतर वेग वाढवायला काढलीस. तिथं तूच लिहून ठेवलंयस, पुढच्या वेळी परत घालू. मग तू कारखाना सांभाळायला पेणला गेलास आणि ती पुढची वेळ आली नाही.

साहेबांनी मला सांगितलं, दुरुस्ती करा आणि जुनं पुसून टाका. दुरुस्ती केली. जुनं पुसलं नाही. रोज देवासमोर बसलो. त्यानं काही सुचवलं नाही, आणि मी तरी काय विचारत होतो कोण जाणे. आज चौकशी अधिकाऱ्यांकडे जाऊन ते बाइट आणि तुझा प्रोग्राम, दोन्ही देऊन आलो. कुणी लिहिला म्हणून विचारलं, तेव्हा तुझं नाव, गाव, सगळं सांगितलं. ते पेणला येतील. त्यांच्याआधी तुला हे माझ्याकडून कळावं म्हणून लिहितोय. येताना वाडीवर थांबून ठमीला सांगितलं, तो विचारूनच उतरला होता.

तुझाच,
महिपती