सरांच्या नावाची कोळंबी

प्रिय ताई,

तू गेल्यानंतरची ही पहिली दिवाळी, आणि पत्र लिहायला बसले ती तुझ्या सरांमुळे. काल त्यांचा फोन आला. तेच ते, तुमच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागाचे एके काळचे प्रमुख. आवाज इतका गोड की मला आधी क्रेडिट कार्डवाल्यांचा वाटला. "मॅडमची फार आठवण येते हो," म्हणाले. मी विचारलं, "काम काय होतं?" पुण्यात एवढं विचारलेलं चालतं.

काम होतं. त्यांना तुझी माती हवी होती.

तो माळ आठवतो का गं तुला? आता तिथे काचेच्या इमारती आहेत. तेव्हा खडकात साचलेली डबकी होती आणि तू दर पावसाळ्यात साडी खोचून त्यांच्या काठी गुडघे टेकून बसायचीस. मी छत्री धरून कुरकुर करायचे. नखाएवढी, आरपार दिसणारी कोळंबी तुला तिथे सापडली. तोवर कुणालाच ती माहीत नव्हती. पाणी आटलं की ती मरते, पण तिची अंडी सुकलेल्या चिखलात वर्षानुवर्षं पडून राहतात, आणि पुन्हा पाणी मिळालं की दोन-तीन दिवसांत पिल्लं बाहेर. हे तू मला इतक्या वेळा सांगितलंस की मी झोपेतही सांगेन.

आणि नाव काय दिलंस? सरांचं! वर त्याला लॅटिन शेपूट. का, तर म्हणे विभागप्रमुखांचं नाव द्यायची तुमच्याकडे पद्धत आहे. ज्यांचे बूट एकदाही त्या चिखलात भरले नाहीत, त्यांचं नाव. सरांनी स्टाफरूममध्ये पेढे वाटले, जणू चिरंजीव झाले. मी आठवडाभर तुझ्याशी धड बोलले नाही. मग तू मला भिंगातून ती कोळंबी दाखवलीस. पोट वर, पाठ खाली करून पोहत होती. "जन्मभर अशीच पोहते, उलटी," तू म्हणालीस, चेहऱ्यावरची रेषही न हलवता. तेव्हा मला कळलं की तू दिसतेस तेवढी गरीब नाहीस.

पुढे कंपन्या आल्या. माळ त्यांना द्यावा की नाही, यावर तज्ज्ञाचं मत हवं होतं. तज्ज्ञ कोण, तर सर. ते माळ पाहायला गेले मे महिन्यात. कॉलेजला सुट्टी असते, रस्ता कोरडा असतो, गाडी थेट वर जाते. तू हात जोडून सांगितलंस, "सर, पावसाळ्यात या." त्यावर ते म्हणाले, "अहो मॅडम, तेव्हा चिखल किती असतो तिथे." मग त्या कोरड्या ठणठणीत खडकावर उभं राहून त्यांनी लिहून दिलं, जीवसृष्टी आढळली नाही. स्वतःच्या नावाचा जीव पायाखाली असताना! असा विद्वान शोधून सापडायचा नाही.

तू भांडायला हवं होतंस, ताई. अजूनही माझा राग गेलेला नाही. तू अर्ज लिहीत बसलीस, तेही "आदरणीय सर" घालून. घरी मला एका तासात दहा वेळा गप्प करणारी तू, त्या माणसासमोर तुझी जीभ कुठे जायची?

यंत्रं चालायच्या आधी तू डबक्यातली माती एका पिशवीत भरून आणलीस आणि माझ्या बाल्कनीत ठेवलीस. "कोरडी राहू दे, बाकी काही करू नकोस," एवढंच म्हणालीस. काही न करणं मला छान जमतं. तिकडे माळ सपाट झाला. आज आमचा निनाद तिथेच नोकरीला आहे, आणि त्याची गाडी नेमकी तुझ्या डबक्यावर लागते. मी त्याला तसं सांगितलं, तर म्हणाला, "आई, पार्किंग मिळतंय हेच नशीब समज." त्याला तरी काय बोलू?

तुझ्या शोकसभेत सर बराच वेळ बोलले. स्वतःबद्दल. "माझ्या नावाची प्रजाती" हे शब्द इतक्यांदा आले की गेलेलं कोण, हेच कळेना. तुझं नाव एकदा आलं, तेही आडनाव चुकवून.

आता त्या कंपनीला आवारात जैवविविधता कोपरा करायचा आहे. सिमेंटचं तळं, कारंजं, आत रंगीत दिवे. त्यात सोडायला सरांना सरांची कोळंबी हवी आहे. उद्घाटनही अर्थातच त्यांच्या हस्ते. आणि डबकीच बुजवल्यामुळे उरली आहे फक्त माझ्याकडची पिशवी, जिच्याबद्दल तूच त्यांना शेवटच्या अर्जात कळवलं होतंस. मी "बघते" म्हणून फोन ठेवला आणि बाल्कनीत गेले.

पिशवी नव्हती.

आमचे हे रिटायर झाल्यापासून दिवाळीत सोसायटीतल्या मुलांना किल्ला करून देतात. करून देतात म्हणजे स्वतःच करतात, मुलांना फक्त विटा आणायला लावतात. मी खाली धावले. गोणपाटावर लिंपलेला किल्ला आठवडाभरापूर्वीच उभा झाला होता, अळीव उगवलं होतं, महाराज सिंहासनावर बसले होते. मी विचारलं, "बाल्कनीतली पिशवी कुठेय?" हे खुशीत म्हणाले, "अगं, काय चिकण माती होती ती! बुरूज बघ, एक तडा नाही."

मी काय काय बोलले ते लिहीत नाही. तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं. मग तिथेच पायरीवर बसून रडले. तू गेलीस तेव्हा येणाऱ्याजाणाऱ्यांच्या चहापाण्यात माझं रडायचं राहूनच गेलं होतं.

हे बिचारे भेदरले. "सगळी नाही वापरली, निम्मी तळ्यात आहे," म्हणाले. पायथ्याशी ह्यांनी घमेलं पुरून तळं केलं होतं, तळाशी तुझी माती. पाणी गच्चीवरच्या पिंपातलं, पावसाचं साठवलेलं, कारण किल्ल्यासाठी नळाचं पाणी घालवणं ह्यांच्या जिवावर येतं. मी वाकले. पाण्यात काहीतरी हललं. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

ताई, पोट वर, पाठ खाली. कितीतरी.

ह्यांना डासाच्या अळ्या वाटल्या. "रॉकेल टाकू का?" म्हणून निघालेच होते, मी हात धरून बसवलं.

आज सकाळी सरांचा पुन्हा फोन. "मग, माती न्यायला कधी येऊ?"

"मे महिन्यात या," मी म्हटलं. "रस्ता कोरडा असतो. गाडी थेट दारापर्यंत येईल तुमची."

"बरं, बरं" म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. समजलं की नाही, देव जाणे.

तर ताई, ऐक. तुळशीचं लग्न झालं की किल्ला मोडतात. हा मी मोडू देणार नाही, घमेलं आपसूक आटेपर्यंत. बुरूजसुद्धा खरवडून घेईन, ह्यांनी कितीही तोंड पाडलं तरी. निम्मी माती तुझ्या वैशालीला देईन. तुझी विद्यार्थिनी, भर पावसात तुझ्याशेजारी चिखलात बसायची ती, जिला अजून कुणी तज्ज्ञ म्हणत नाही. निम्मी माझ्याकडे राहील, पिठाच्या डब्यात. सर मे महिन्यात आलेच, तर डबा उघडून समोर ठेवीन आणि म्हणेन, बघा, काही आढळतंय का.

ते गेले की झाकण लावीन. आणि पाऊस लागला की पाणी मी घालीन, माझ्या हाताने, दर वर्षी.

तुझी,
सुमी