घरची शिलाई

नांदे,
रविवार

प्रिय प्रमोद,

अतुलदादाच्या मुलाच्या वहीतली पानं फाडून लिहितेय, त्यामुळे अक्षर रेघेवरून घसरलं तर हसू नकोस. खरं तर फोन करता आला असता. पण फोनवर तू मला हसवतोस. मी रागाने काही सांगायला लागते, तेवढ्यात तू आपल्या किमयाने शाळेतून डबा कसा परत आणला, तुझ्या आईने भाजीवाल्याला काय सुनावलं, असलं काहीतरी काढतोस आणि माझं बोलणं राहूनच जातं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आपलं एकही भांडण मी शेवटपर्यंत नेलेलं नाही. एवढं एक तरी नेऊ दे.

माझ्या आईचा डोळा उत्तम आहे. मोतीबिंदू काढल्यापासून तिला नको तेवढं दिसायला लागलंय. माळ्यावरची जळमटं दिसली, वहिनीने तवा नीट घासलेला नाही ते दिसलं, आणि काल माझा हात हातात घेऊन म्हणाली, बोटं कशाने अशी झाली गं तुझी? सुई लागून लागून एक बोट टणक झालंय आणि रेक्झिन ओढून नखं झिजलीत, हे इतके दिवस तिला दिसत नव्हतं. लगेच दुसरा प्रश्न, जावईबापू घ्यायला कधी येणार? डोळ्याचं निमित्त संपलंय आणि मी अजून इथेच आहे, हेही तिला दिसतंय. मी म्हटलं, बघू.

आता लवळ्याच्या कॉलेजच्या हॉस्टेलचे सोफे नव्याने मढवायचं काम. आपलं काय ठरलं होतं ते आठव. एका सोफ्याचे साडेनऊ हजार सांगायचे आणि कितीही ओढाताण झाली तरी नऊच्या खाली उतरायचं नाही. तूच छातीवर हात ठेवून म्हणालास, ह्या टायमाला मी दगड व्हतो बघ. दुसऱ्या दिवशी मॅनेजर आले, आपल्याच सोफ्यावर बसले, आपलाच चहा प्यायले आणि म्हणाले, पोरं लांबून लांबून येतात हो, त्यांना टेकायला जागा नको का? बस, एवढंच. ज्या कॉलेजच्या फाटकातून आपली स्कूटर आत जायची म्हटली तरी चारदा चौकशी होते, त्या कॉलेजची तुला दया आली आणि तू साडेसात हजार सांगून मोकळा झालास. मी मशीनवरून तुझ्याकडे बघत होते. तू मुद्दाम माझ्याकडे बघितलं नाहीस, म्हणजे आपण काय करतोय हे तुला कळत होतं.

आणि हे काही पहिल्यांदाच नाही. समोरच्या टॉवरमधल्या ऋतिका मॅडम म्हणाल्या, भैया, ऑनलाइन तो इससे सस्ता नया सोफा मिलता है. त्यावर तू त्यांचा सोफा उलटा करून आतलं सागवान दाखवलंस, हे लाकूड आता मिळणार नाही म्हणून पटवलंस, त्यांना पटलंही. आणि पटल्यावर दर कमी केलास. पटलेल्या माणसाला कोण दर कमी करतं? बंडोपंतांच्या आरामखुर्चीचे तर काहीच घेतले नाहीस, कारण त्यांनी तुझ्या वडिलांची आठवण काढली. समोरच्याचा चेहरा पडला की तुझा दर पडतो. मी दर ठरवायचा, लोकांसमोर वाईट दिसायचं, आणि तू येऊन हसत हसत तो मोडायचा. मग गिऱ्हाइकं मला बघून म्हणणार, दादा आहेत का, दादांशीच बोलतो. वैताग आलाय मला त्या दादांचा.

तरी एक सांगते, दर कमी केलास म्हणून तू कधी माल कमी केला नाहीस. जिथे कुणाचं लक्ष जाणार नाही तिथेही तू चांगलाच फोम घालतोस. बैठकीखालच्या पट्ट्या सैल दिसल्या तर दरात धरलेल्या नसल्या तरी बदलतोस. ही गोष्ट मला आवडते, अजूनही आवडते. पण फोमवाला आपल्याला एक पैसा सोडत नाही, कापडवाला सोडत नाही, शंभू टेम्पोचं भाडं सोडत नाही. मग तू जे सोडतोस, ते जातं कुणाच्या वाट्याचं? माहेरी कामधंदा नाही, तेव्हा बसल्या बसल्या मी याचा विचार केला.

दर सांगायची तुझी पद्धत मला डोळे मिटूनही दिसते. आधी सोफ्याचा हात दाबून बघायचा, मग जमिनीवर आडवं होऊन खालून डोकवायचं, उठून गुडघे झटकायचे आणि उजवा हात वर धरून एकेक बोट मिटायचं. अंगठा कापडाचा, त्याच्या शेजारचं फोमचं, मधलं पट्ट्या आणि लाकूडकामाचं, चौथं मजुरीचं, करंगळी टेम्पोची. मूठ मिटली की आकडा तयार. मामाकडे दिवाण बसवायला आला होतास तेव्हा मी तुला पहिल्यांदा बघितलं, तेही अशीच बोटं मिटताना. या माणसाला सगळा हिशेब हातावर आहे, असं मला वाटलं होतं. किती कौतुक वाटलं होतं.

मागच्या महिन्यात सोसायटीतल्या एक बाई स्वतःचं कापड घेऊन आल्या, आठवतंय? गाद्या त्यांच्याकडे होत्या, त्यांना फक्त आठ कव्हरं शिवून हवी होती. त्यांनी तुला नाही, मला विचारलं, शिलाईचं काय घेता? मी तोंड उघडलं आणि माझ्याकडे आकडाच नव्हता. सोफ्याचा दर मला पाठ, कापडाचा मीटरचा भाव पाठ, आणि शिलाईचं काय घेता हे मला कुणी कधी विचारलं नव्हतं, मीही स्वतःला विचारलं नव्हतं. तेवढ्यात मागून, तोंडात खिळे धरून, तूच म्हणालास, शिलाईचं काय घ्यायचं मॅडम, घरचीच हाय. बाई खूश. मी आठही कव्हरं शिवली, चेन लावली, कडेने पायपिंगचा गोट काढला. बाईंनी बिस्किटांचा पुडा दिला. त्यातली दोन तू खाल्लीस आणि चांगली आहेत म्हणालास.

 त्या दिवसानंतर तू कुणालाही दर सांगायला लागलास की मी तुझी बोटं बघायला लागले. कापड, फोम, पट्ट्या, मजुरी, टेम्पो. मजुरी म्हणजे तुझी, जुनं उसवायचं, ओढून बसवायचं, पिना मारायच्या. शिलाई कुठेच नाही. पाच बोटं संपतात, मूठ मिटते आणि मी बाहेर राहते. तू हे मुद्दाम करत नाहीस, ते मला माहीत आहे. मुद्दाम केलं असतंस तर भांडायला सोपं गेलं असतं. तुला वाटतं वीज जशी दुकानात असतेच, तशी शिलाईही असतेच. अरे, विजेचं तरी बिल येतं.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. पण तुझ्या आईने विहिणीच्या डोळ्याची चौकशी करायला फोन केला आणि माझ्या आवाजावरूनच ओळखलं. मी थोडंसंच बोलले. त्या म्हणाल्या, आमी खुरपायला जायचो तवा नवरा-बायकू एकाच वावरात असली तरी बाईची हजेरी बाईच्याच हातात पडायची. कमी पडायची, पन हातात पडायची. तुजी कुटं पडती गं?  त्यांनीच पुढे सांगितलं, तू हाय तितंच ऱ्हा जरा, त्याला कळू दे. तेव्हा घरातून फितुरी कुणी केली हे तुला आता समजलं असेल. त्यांच्यावर चिडू नकोस, चिडलास तर त्या तुझं ऐकणारही नाहीत.

आणि परवा तुझा फोन आला. हॉस्टेलवाले घाई करतायत, कापून ठेवलेली कव्हरं तशीच पडलीत, म्हणून तू ती पिरंगुटच्या शिवणकाम करणाऱ्याकडे नेलीस. तू नुसता तापला होतास. एका सोफ्याचे चौदाशे मागतोय, प्रिया. नुस्त्या शिलाईचे. लुटायलाच बसलेत लोकं. मी विचारलं, मग काय केलंस? तू जरा नरमलास आणि म्हणालास, दिलं मग. त्याचं बी खरं हाय, काम हाय ते, लई किचकट. दिवसभर मान मोडती मानसाची.

प्रमोद, मी फोन ठेवला तो बॅटरी संपली म्हणून नाही. मला रडू यायला लागलं होतं. त्या माणसाची मान तुला दिसली. जरा वेळ त्याच्या दुकानात उभा राहिलास तेवढ्यात दिसली. माझी मान तुझ्यापासून हाताच्या अंतरावर आहे, संध्याकाळी तूच तिला बाम लावतोस, तुझ्या हाताने तो चांगला लागतो, आणि तरी तुला कधी वाटलं नाही की हे काम आहे, याचा दर असतो. बाम लावलास की माझं देणं फिटलं, असंच धरून चाललास. आणि मीही तसंच धरून चालले, कारण बरं वाटायचं. आता बरं वाटत नाही. फार राग आलाय मला, आणि सगळ्यात जास्त राग याचा की तू वाईट माणूस नाहीस.

पुन्हा काल फोन करून सांगितलंस की त्याने दोनच सोफ्यांचं शिवून दिलं, पायपिंग वाकडं आलंय, मॅनेजर नाक मुरडतायत, तू ये लवकर. मी येते म्हणाले नाही की येत नाही म्हणाले नाही. त्याचं उत्तर द्यायला हे लिहायला बसले. शंभू उद्या इकडे गाद्या टाकायला येतोय, त्याच्याबरोबर पाठवतेय. हे भांडणाचं पत्र वाटत असेल, आणि आहेच. पण मुळात हे दरपत्रक आहे. तीन सीटच्या सोफ्याची शिलाई चौदाशे, एका खुर्चीची पाचशे, सुटी कव्हरं नगावर. पिरंगुटवाल्याइतकेच, खरं तर पायपिंग सरळ येतं म्हणून जास्त मागायला हवे होते. पैसे माझ्या खात्यात. गिऱ्हाइकाला दर सांगताना शिलाई धरायची, आणि कुणाचा पडलेला चेहरा तुला बघवला नाही तर मजुरीच्या बोटातून सोडायचं, माझ्यातून नाही. मान्य असेल तर मंगळवारी गाडी घेऊन ये, त्याच दिवशी मशीनवर बसते, हॉस्टेलचं काम वेळेत देऊ. मान्य नसेल तरी मी घरी येणारच आहे, ते घर माझं आहे, किमयाची परीक्षा आहे. फक्त मशीनवरचं फडकं निघणार नाही. आणि पाच बोटांत शिलाई कुठे बसवू, असं म्हणू नकोस. दर सांगताना तुझा डावा हात नुसताच लोंबत असतो. त्याचं एक बोट घे.

मशीनवर नसले तरी तुझीच,
प्रियदर्शिनी