योगिनीचं पीठ

५ डिसेंबर
आज मिरकरवाड्यातल्या बर्फाच्या कारखान्यात रुजू झालो. गुहागरचं घर बंद करून आलो ते बरंच झालं. खोली उजेडाची आहे, खिडकीतून बोटी दिसतात. काम सोपं, यंत्राच्या काट्यांवर नजर ठेवायची. जोडीला दादू आहे, अखंड बोलतो. बांगडे दिले, वर म्हणाला, "भाऊ, कालवन येतं ना? का रोज वडापाव?" खूप दिवसांनी हसलो.
चहा मात्र सवयीने दोन कप केला.

७ डिसेंबर
काट्यांवर लक्ष ठरत नाही. बायकोच्या भाचीने, श्रुतीने, पुण्याहून टायरोसिनची पूड पाठवली. अमिनो आम्ल आहे, ताणात लक्ष टिकायला घेतात, असं म्हणाली. पिशवी फाटली होती म्हणून बरणीत ओतली.
फळीवर तशीच दुसरी बरणी आहे. तिच्यात बायकोच्या, योगिनीच्या, बाराव्याचं तांदळाचं पीठ आहे. ते दिव्याखाली पसरून टोपलीने झाकतात आणि सकाळी गेलेल्या माणसाचं पाऊल पाहतात. पाऊल उमटलंच नाही. काकी म्हणाली, तिला अजून जागा मिळालेली नाही, पीठ लगेच समुद्रात सोड. माझ्याने सोडवलं नाही.

१२ डिसेंबर
रोज चमचाभर पूड पाण्यातून घेतो. चव जवळजवळ नाहीच. गुण मात्र आहे. काट्याशिवाय काही दिसत नाही. एकटंही वाटत नाही. चहा बिनसाखरेचा आवडू लागलाय. योगिनी तसाच प्यायची.

१६ डिसेंबर
दादू हसत होता. "अवो भाऊ, बायकांसारखे केस काय कानामागं सारताव?"
माझे केस बारीक कापलेले आहेत. तिचे लांब होते.

१८ डिसेंबर
श्रुतीचा फोन. पूड फार कडवट लागते का, विचारत होती. मी नाही म्हटलं.
मग फळीवरच्या, मी रोज घेत नाही त्या बरणीत बोट घालून चाटलं. कडवट. बरणी तशीच भरलेली.
म्हणजे रोज मी योगिनीचं पीठ—

१९ डिसेंबर
उरलेलं पीठ समुद्रात सोडायला निघालो. दारापर्यंतच. पाय पुढे जाईनात. ती जाऊ नये असं मलाच—
बरणी निसटली. सांडलेल्या पिठावर माझं पाऊल उमटलं. माझंच. पण अंगठ्याशेजारच्या बोटाला जोडव्याचा ठसा—

२० डिसेंबर
कामावर गेलो नाही. बोट पुन्हा पुन्हा पाहिलं. जोडवं नाही.
चहा दोन कप. दोन्ही मीच प्यायलो.
आता श्रुतीचा फोन. हॅलो म्हटलं. ती रडायलाच लागली. म्हणते, मावशी, तुझा आवाज—