डॉक्टर मॉरॅग यांचे प्रश्न आणि माझी उत्तरं

४ ऑक्टोबर
माडीवरची खोली भाड्याने गेली. तीही खऱ्याखुऱ्या इंग्रजी बोलणाऱ्या बाईला! डॉक्टर मॉरॅग. स्कॉटलंडच्या. औषधं देणाऱ्या डॉक्टर नव्हेत, डोंगराच्या. ताइताची नाडी बघायला आल्यात. बघू देत. आमचा हा म्हातारा ज्वालामुखी माझ्या आजोबांच्या लहानपणापासून नुसता घोरतोय.
लुस्मिलाला आनंद भाड्याचा. मला व्याकरणाचा. इतकी वर्षं चिल्कापांबाच्या शाळेत इंग्रजी शिकवतोय, पण जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्या माणसाने मला प्रश्न विचारलाय असं एकदाही झालेलं नाही.
संकल्प: बाईंचा प्रत्येक प्रश्न टिपून घ्यायचा. प्रकार लावायचा. नाताळच्या आत माझं पुस्तक पुरं करायचं: 'इंग्रजी प्रश्न: रचना व उत्तरे'. मग शिक्षण खातं मला जिल्ह्याला बोलावतं की नाही बघू. उत्तर नेहमी पूर्ण वाक्यात. एकशब्दी उत्तर म्हणजे बनियनवर चर्चमध्ये जाणं.

५ ऑक्टोबर
पहिला प्रश्न! नाश्त्याच्या टेबलावर. 'हॅज द हॉट स्प्रिंग ऑल्वेज बीन धिस हॉट?' प्रेझेंट परफेक्ट. हेल्पिंग व्हर्ब सगळ्यात पुढे, पाटलासारखं. मी उभा राहिलो आणि म्हणालो, 'नो, डॉक्टर, इट हॅज नॉट ऑल्वेज बीन धिस हॉट.' एक शब्द इकडचा तिकडे नाही.
बाईंचा चमचा हवेतच राहिला. म्हणाल्या, 'सिन्स व्हेन?' यात ना कर्ता ना क्रियापद. जन्माने मिळालेल्या भाषेची माणसाला किंमत नसते.
मी उत्तराची जुळवाजुळव करतोय तोवर लुस्मिलाने आपला पोळलेला हात त्यांच्यापुढे धरला. गेल्या आठवड्यात त्या गरम पाण्याच्या झऱ्यावर कोंबडी सोलायला गेली होती, तेव्हा पोळला. पूर्वी तिथे आम्ही पोरांना आंघोळी घालायचो. झालं उत्तर! व्याकरण नाही, काही नाही. बाई खूश. अर्धा तास तो हात न्याहाळत होत्या.

९ ऑक्टोबर
दुर्मीळ नमुना सापडला. 'हू लिव्हज् अबव्ह द चर्च?' इथे 'हू' स्वतःच कर्ता, म्हणून 'डज' लागत नाही! वर्गात हे सांगून सांगून माझा घसा बसलाय. आनंदाच्या भरात बाईंनाच नियम समजावून सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकला आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. उत्तर द्यायचं राहूनच गेलं होतं.
चर्चच्या वर घळीच्या काठाला एकच घर. मेसीआस आणि त्याची सोइला. मेसीआस आमच्या थोरलीचा धर्मबाप. चौदा गाई, एक बहिरा कुत्रा, आणि माझ्या विद्वत्तेवर अपार श्रद्धा.

१४ ऑक्टोबर
संकल्प: घरात सर्व प्रश्न इंग्रजीतच.
दुपारी: संकल्प स्थगित. लुस्मिला म्हणाली, मीठ हवं असेल तर माणसासारखं मागा.
स्वयंपाकघरात खाण्यासाठी पाळलेले गिनीपिग कालपासून चाऱ्याला तोंड लावत नाहीत. सगळे एका कोपऱ्यात, एकावर एक. बाई त्यांच्यापुढे उकिडव्या बसल्या आणि विचारलं, ते दिवसा जास्त ओरडतात की रात्री? हा 'ऑर'चा प्रश्न. याला येस-नो चालत नाही, हे मी दरवर्षी पाचवीला बजावतो. मी म्हणालो, 'येस, दे डू.'
दोष माझा नाही. स्कॉटलंडचा 'ऑर' ऐकूच येत नाही.

२२ ऑक्टोबर
दोरीवरचे कपडे करडे झाले. झटकले की खोकला येतो. लुस्मिलाने तिसऱ्यांदा धुतले, आणि ताइताकडे बघून असं काही बोलली की ते इथे लिहीत नाही.
बाईंकडून आज इनडायरेक्ट क्वेश्चन. 'कुड यू टेल मी व्हेअर द ट्रक्स आर केप्ट?' बघा, 'आर' मागे राहिला! पुढे आला नाही! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. (राखही असेल.) लगेच दुसरा: आणि त्यांत डिझेल असतं का, सांगाल का?
दोन्ही फळ्यावर लिहिले. मागच्या बाकावरच्या पोरीने विचारलं, 'प्रोफे, बाई ट्रकचं कशाला विचारतात?' म्हटलं, हा 'व्हाय'चा प्रश्न झाला, तो पुढच्या धड्यात.

२७ ऑक्टोबर
आज टॅग! 'यू विल बी रेडी टु गो, वोन्ट यू?' वाक्य होकारी, शेपूट नकारी. मी तत्काळ, 'येस, आय विल.' बाईंनी माझा हात दाबला. भाषेवरची पकड लपत नाही.
लुस्मिलाने विचारलं, काय म्हणत होत्या?
म्हटलं, टॅग होता.
'म्हणजे?'
'शेपूट.'
म्हणाली, 'शेपटाच्या पुढे जनावर असेल ना? ते कोणतं?'
तिला व्याकरणाचं अंग नाही. मी पुस्तकाकडे वळलो.
संध्याकाळी दारातल्या गाठोड्याला अडखळून पडलो. त्यात घराचे कागद, पोरांचे फोटो, भाजलेल्या सातूचं पीठ, माझे लोकरी मोजे. विचारलं, हे काय? तर म्हणाली, जनावर.

२ नोव्हेंबर
आमची सर्वपित्री, मृतांचा दिवस. सगळं गाव कबरस्तानात. आईबाबांच्या दगडांवरची राख पुसली, गोड जांभळी खीर प्यालो, पावाची बाहुली ठेवली. घरी निघालो तेव्हा दगड परत करडे झाले होते. नावं वाचता येईनात. मेसीआस फक्त म्हणाला, यंदा पितर घाईत दिसतात.
बाई कबरस्तानाच्या भिंतीवर बसून घळीकडे बघत होत्या. आज एकही प्रश्न विचारला नाही. पुस्तकाचं नुकसान.
उद्या गावसभा. सरपंच दोन्या फानी घरी येऊन गेल्या: दुभाषी तुम्हीच. म्हटलं, दुसरं आहेच कोण? त्या म्हणाल्या, तेच तर.

३ नोव्हेंबर
आयुष्यातला मोठा दिवस. सविस्तर लिहितो.
चर्चचा हॉल भरलेला. मी लग्नाच्या सुटात. बाईंनी नकाशा भिंतीवर लावला आणि बरंच बोलल्या, भराभर. मी सार सांगितलं: ताइता म्हातारा झालाय, त्याचा मान राखा, तोंडाला फडकं बांधा.
मग मेसीआस उठला. टोपी हातात घेऊन म्हणाला, 'प्रोफे, बाईंना एवढंच विचारा, चिखलाचा लोंढा आमच्या घळीतून उतरणार नाही ना? उतरणार नसेल तर गाई वर नेतो. खाली त्यांना चारा उरला नाही.'
मी क्षणभर डोळे मिटले आणि रचना केली: 'द मड विल नॉट कम बाय द रव्हीन, विल इट?' वाक्य नकारी, शेपूट होकारी. घडवलेल्या चांदीसारखं.
बाई मेसीआसकडे बघत सावकाश म्हणाल्या, 'आय कान्ट रूल इट आउट.'
'रूल' म्हणजे नियम. 'आउट' म्हणजे बाहेर, बाद. मी खणखणीत आवाजात सांगितलं: बाई म्हणतात, नियमाप्रमाणे ते बाद आहे.
टाळ्या! मेसीआसने मला मिठीच मारली. दोन्या फानींनी रुमालाने डोळे टिपले. बाई मात्र टाळ्या वाजवणाऱ्यांकडे बघतच राहिल्या. मग माझ्याकडे वळून, 'दे डू अंडरस्टँड, डोन्ट दे?' जोर देणारा 'डू', वर टॅग, एकाच वाक्यात दोन्ही! असा नमुना पुस्तकांतही सापडत नाही.
मी म्हणालो, 'येस, डॉक्टर. दे डू.'

५ नोव्हेंबर
लुस्मिला गिनीपिग पोत्यात घालून खाली बहिणीकडे गेली. गाठोडंही नेलं. म्हटलं, अगं, सभेत सगळ्यांसमोर सांगितलं ना? म्हणाली, 'तुम्ही तोंडाने सांगत होतात, मी त्या बाईचं तोंड बघत होते.' चला म्हणाली. म्हटलं, पुस्तकाचं शेवटचं प्रकरण उरलंय. दारातून दोनदा मागे आली.
मेसीआसने ताजं चीज आणून दिलं. उद्या गाई वर. सोइला बाजारासाठी खाली थांबणार आहे. रविवारी चर्चमधल्या मासला, प्रार्थनेला, तो उतरेल.

७ नोव्हेंबर
बाई परत परत वर जातात, उतरताना जवळजवळ पळत येतात. आज फक्त 'हाउ मेनी स्टिल अप देअर?' क्रियापद गायब. प्रश्नांचा दर्जा दिवसेंदिवस घसरतोय.
म्हटलं, 'देअर आर नॉट मेनी.'

८ नोव्हेंबर
पुस्तकासाठी सहज 'रूल' शब्द डिक्शनरीत काढला. नियम, कायदा, फूटपट्टी, राज्य करणे. सगळं बरोबर. अगदी खाली बारीक टाइपात 'रूल आउट' असं वेगळं काहीतरी दिलंय.
डिक्शनरी जुनी आहे. छपाई वाईट. खिडकीत राखेमुळे उजेड नाही. उद्या चष्मा पुसून नीट बघेन.

९ नोव्हेंबर
चष्मा पुसला. बघितलं.
'रूल आउट' म्हणजे शक्यता नाकारणे, आणि बाईंच्या वाक्यात त्याच्या आधी 'कान्ट' होतं. पण एका डिक्शनरीवर विसंबून चालत नाही. जिल्ह्याला गेलो की मोठी बघेन.
मेसीआसला निरोप धाडावा का? एकदा सांगितलेला नियम शिक्षकाने फिरवायचा म्हणजे सगळ्याच नियमांवरचा विश्वास उडतो. शिवाय चढ आहे, आणि माझा गुडघा. आणि सांगायचं तरी काय? बाई तसं म्हणाल्या नव्हत्या असं? मग काय म्हणाल्या होत्या, हे सगळं गाव विचारणार.
रविवारी तो येतोच आहे. मासनंतर बाजूला घेऊन सांगेन. हसत हसत.
संकल्प: नक्की सांगायचं.

१० नोव्हेंबर, शनिवार
ट्रकमधून लिहितोय. अक्षर हलतंय.
दुपारच्या जेवणाला बसलो होतो. आधी भांडी वाजली, मग दिवस मावळला. म्हणजे उजेड गेला, वेळ दुपारचीच. पत्र्यावर खडे पडत होते. बाईंनी दार उघडलं आणि ओरडल्या, 'कमिंग?' एकच शब्द. मी हातातली वाटी घेऊन तसाच निघालो. पुस्तक टेबलावर राहिलं.
ट्रकमध्ये दोन्या फानी, दोन म्हाताऱ्या, सोइला. वरून आवाज येत होता. दगडांनी भरलेली गाडी कोणीतरी उतरणीवर सोडून द्यावी तसा, पण थांबतच नव्हता.
बाईंनी सगळ्यांच्या तोंडांवर टॉर्च फिरवला. 'व्हेअर इज मेसीआस?' चौथीच्या पुस्तकातला पहिला प्रश्न.
मी म्हणालो, 'ही इज अप, डॉक्टर.'
पूर्ण वाक्य होतं. बाई टॉर्च माझ्या तोंडावर धरून राहिल्या. मग बंद केला.

१२ नोव्हेंबर
जिल्ह्याच्या गावी, क्रीडागृहात. बास्केटबॉलच्या मैदानावर गाद्याच गाद्या. माझी गादी फ्री-थ्रोच्या रेषेवर. बटाट्याचं सार मिळतं, बरं असतं.
लुस्मिला आली. माझ्या दोन्ही गालांना हात लावून बघितलं, मग मोजे दिले. काही विचारलं नाही. मला वाटलं होतं विचारेल.
अग्निशमनवाले घळ बघून आले. म्हणाले, घळ नाहीच आता. चर्चच्या वर सगळं सपाट आहे, वाफा येतात. थंड झाल्याशिवाय पाय ठेवता येणार नाही.
बाईंनी राजधानीतून दुभाषी आणवलाय. कोवळं पोरगं. क्रियापदं गिळतं. मी जाऊन म्हटलं, माझी सेवा हजर आहे. बाई म्हणाल्या, 'नो. थँक यू.'
संकल्प: इथल्या मुलांसाठी वर्ग सुरू करायचा. येस-नो प्रश्नांपासून.

१३ नोव्हेंबर
वर्गाला कोणी आलं नाही. जागा नीट नाही. फळाही नाही.

१५ नोव्हेंबर
सोइलाने आपली गादी ओढत माझ्या शेजारी आणली. सकाळपासून इथेच बसलीय. रडत नाही. मेसीआसची टोपी तेवढी तिच्याकडे आहे. नवी, बाजारातून घेतलेली, त्याला द्यायची राहिली.
दुपारी तिने विचारलं, 'प्रोफे, तेव्हा सभेत ती बाई नेमकं काय म्हणाली होती?'
'काय'चा प्रश्न. याला हो किंवा नाही चालत नाही. उत्तर एका वाक्याचं आहे. मला ते पाठ आहे, झोपेतसुद्धा.
म्हटलं, आता नीट आठवत नाही.
ती टोपीचा काठ चाचपू लागली. मग म्हणाली, 'असू द्या, प्रोफे. तुम्हाला तरी कुठे एवढं इंग्रजी येतं?' आणि आपल्या पांघरुणाचं एक टोक माझ्या पायांवर टाकलं.