आईच्या शब्दांतलं पत्रक

२४ एप्रिल १९७२, फियानारांत्सुआ, मादागास्कर
फळ्यावर फ्रेंच कविता अर्धीच राहिली. व्होआहिराना — माझी सगळ्यात हुशार विद्यार्थिनी! — उठून म्हणाली, "बाई, आमच्या आयांना कळेल अशा भाषेत शिकवा. नाहीतर नकाच शिकवू." सगळा वर्ग तिच्यामागे बाहेर. संप म्हणे! एकोणीस वर्षं घसा कोरडा केला तो याचसाठी?

२६ एप्रिल
मुख्याध्यापक सगळ्यांसमोर म्हणाले, "तुम्ही कविता करत बसा, मुली घोषणा देतायत!" जणू मीच पढवल्यात.

२९ एप्रिल
पॅरिसहून पत्र. माझा कवितासंग्रह छापणार! लिहितात — 'तुमची फ्रेंच इतकी निर्मळ, की तुम्ही मादागास्करच्या आहात हे कळतही नाही.' आईला आमच्या मालागासीत सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "म्हणजे त्या पुस्तकात तू नाहीसच की गं."
तिला काय कळतंय! जेवले नाही.

३ मे
रिकामे बाक. चिडचिड. दुसरं काही नाही.

६ मे
व्होआहिराना मागच्या दाराने आली. पालकांसाठी संपाचं पत्रक हवंय, मालागासीत. "बाई, तुम्हीच लिहा. शब्द तुमच्याकडेच आहेत."
चार ओळी खरडल्या. वाचून पोरगी हसली — "बाई, ही फ्रेंचच आहे, वरून आपली शाल पांघरलीय!"
कान तापले. कवयित्री म्हणे! शेवटी आई बोलत गेली, मी लिहीत गेले. काय बोलली! पोरीने कागद पोलक्यात खुपसला.

१० मे
व्होआहिराना पकडली गेली. कागदासकट. कोणी लिहिलं ते सांगत नाही. उद्यापर्यंत नाव दिलं नाही, तर दूर समुद्रातल्या छोट्या बेटावरच्या तुरुंगात पाठवणार.
मुख्याध्यापक मला म्हणाले, "तुम्ही निश्चिंत राहा. तुमच्यावर कोण संशय घेणार? तुम्हाला कुठे धड मालागासी येते!"
हायसं वाटलं. हो, वाटलं! कॉफी संपवली आणि गप्प बसले. सतरा वर्षांची पोर तिकडे, आणि मी गप्प!
संध्याकाळी आईला सांगितलं. ती पत्रक पहिल्या ओळीपासून पुन्हा म्हणू लागली.

११ मे, पोलीस चौकी
पत्रक मी लिहिलं, म्हटलं. साहेब हसला. "तुम्ही? बरं, लिहून दाखवा." सबंध पत्रक न बघता लिहिलं. एक अक्षर चुकलं नाही. मुलगी घरी गेली. मला न्यायला ट्रक येतोय.