यंत्रावरचं हिरवं पाकीट

शिंचू,
२० ऑक्टोबर १९९६

चि. आ-छी यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. ते बोटीने आलं की पोहत आलं अशी शंका यावी, इतकं ओलं होतं. शाई पसरून निम्मं वाचताच आलं नाही, पण भूक लागते, भूक लागली आणि फार भूक लागते ही तीन वाक्यं स्पष्ट होती. म्हणून काकांकडच्या तांदळाच्या शेवया आणि खारवलेला मुळा पाठवते आहे. शिनपूला वारा सुटलाय, काकांच्या अंगणात शेवयांच्या चौकटी उभ्या राहिल्यात. काका म्हणाले, चोरून खाणारा लष्करात गेला म्हणून यंदा माल जागच्या जागी आहे. आई गेल्यापासून मी तिकडे फारशी फिरकत नव्हते. या वेळी गेले, आणि जेवून लगेच परतले.

माझं बरं चाललंय. कारखान्यात डोक्यापासून पायापर्यंत तोच पांढरा पोशाख, उघडे काय ते डोळे. परवा कँटीनमध्ये समोर बसलेल्या माणसाला मी विचारलं की तुम्ही नवीन आलात का. तो म्हणाला की ताई, महिनाभर तुमच्या शेजारच्याच यंत्रावर आहे मी. आम्ही दोघंही हसलो आणि मग खाली मान घालून जेवलो.

आता कामाचं. एप्रिलमध्ये तू लष्करातून सुटशील. आमचे फंग साहेब म्हणतात की यंत्रांच्या देखभालीला त्यांना एक इंजिनियर हवाय आणि माझा भाऊ असेल तर त्यांना दुसरा बघायचा नाही. फेब्रुवारीत आपलं नववर्ष झालं की उत्तर द्यायचं आहे. तुझा तो कॉलेजातला त्साइ दादा शाळांच्या वेळापत्रकांचा प्रोग्रॅम लिहायला तैपेईत बोलावतोय, ठाऊक आहे मला. पण प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांचं काय, आज लिहिला, उद्या पुसला. यंत्र कसं, हाताला लागतं. शिवाय दिवसभर पडद्याकडे बघून त्या लोकांचे केस जातात म्हणे, आणि तुझ्याकडे घालवायला फार नाहीत. इथे कारखान्याजवळ दोन खोल्यांचं एक घर रिकामं आहे. मी सहज बघून आले.

थंडीचे कपडे घालत जा. माया आहेच, ती भिजू देऊ नकोस.

तुझी ताई,
रुइयिंग

तुंगयिन बेट,
१७ नोव्हेंबर १९९६

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

शेवया पोचल्या, मुळाही पोचला. मुळ्याला पलटणीतले अकरा मित्र मिळाले, मला फक्त बरणी मिळाली.

माझ्या हातून एक भयंकर गुन्हा घडला आहे. काकांना सांगू नकोस. मागच्या आठवड्यात समुद्र खवळल्यामुळे बोट आली नाही आणि रोज डब्यातले मासे खाऊन सगळे वैतागले होते. दुपारी मी संदेशखोलीत एकटाच होतो. वायरलेस यंत्राच्या डोक्यावर, ते गुणी राहावं म्हणून ठेवलेलं खाऊचं हिरवं पाकीट होतं. नारळाच्या चवीचं. ताई, मी ते खाल्लं. खाताना यंत्राकडे पाठ केली होती, एवढंच माझ्या बाजूने म्हणता येईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्र बंद पडलं. समुद्राच्या खाऱ्या हवेने आतला एक सांधा गंजला होता, कधीतरी बंद पडायचंच होतं. पण हे ऐकतो कोण! कप्तान साहेब म्हणाले, पदवी घेतलेला मुलगा असून असं वागावं? हवालदार दु म्हणाला, हा उद्या देवळातला प्रसादही देवाच्या आधी खाईल. मी सांधा घासून पुन्हा डाग दिला, यंत्र सुरू झालं. तरी नवं पाकीट आणून त्याची माफी मागेपर्यंत माझी सुट्टी बंद. आणि बेटावरच्या दुकानात आहेत फक्त पिवळी पाकिटं!

आता गंमत ऐक. कचेरीत एक जुना संगणक आहे. इथे कोणाचा पहारा कधी, कोणाला सुट्टी कधी, हे हवालदार दु कागदावर लिहायचा आणि दर आठवड्याला भांडणं व्हायची. मी त्याचा प्रोग्रॅम लिहायला घेतलाय. वाटलं होतं की दोन दिवसांचं काम. पण बघ, स्वयंपाकी लिउचं आणि चालक वांगचं बोलणं बंद आहे, त्यांना एका चौकीवर ठेवलं तर दोघंही दगडासारखे उभे राहतात. एकाला उंचीची भीती वाटते पण तो ती सांगत नाही. दोघा जुळ्यांना सुट्टी एकदमच हवी असते. हे सगळं नियमात कसं बसवायचं? माणसाचा रुसवा प्रोग्रॅमला कसा समजावायचा? जेवताना, धावताना, दात घासताना माझ्या डोक्यात तेच चालू असतं. काल एका ठिकाणी अडलो होतो, ते आज बटाटे सोलताना सुटलं आणि मी इतक्या जोरात ओरडलो की लिउच्या हातातली सुरी पडली. सुटलं म्हणजे असं, की आधी सगळ्यांना वाटून मग भांडण मिटवायचं नाही, जे वाटायला सगळ्यात कठीण तेच आधी वाटायचं. किती सोपं! तुला कंटाळा आला असेल. पानही संपलं, मागे लिहितो.

फंग साहेबांना नमस्कार. विचार करतो आहे.
तू जेवायला कोणाबरोबर बसतेस ते लिहिलं नाहीस.

तुझा लोभ मला इथे शेवयांपेक्षा जास्त पुरतो, तो येत राहू दे.

आ-छी

शिंचू,
८ डिसेंबर १९९६

चि. आ-छी यास,
अनेक आशीर्वाद, आणि एक चापट.

खाऊ मागायचास मला! यंत्रापुढचं कोणी खातं का? आमच्याकडे प्रत्येक यंत्रावर पाकीट असतं आणि कितीही भूक लागली तरी त्याकडे कोणी बघत नाही. सोबत हिरवी पाकिटं पाठवते आहे. पिवळं चुकूनही ठेवू नकोस, पिवळा म्हणजे धोक्याचा दिवा. आणि मुदतीची तारीख बघून ठेव. शिळ्या पाकिटाने यंत्र रुसतं.

पण गंजलेला सांधा तू हाताने दुरुस्त केलास, हे वाचून मला फार बरं वाटलं. हेच मी म्हणत होते. फंग साहेबांनाही सांगितलं. ते म्हणाले, पाकीट खाल्ल्याचं मी ऐकलं नाही असं समजतो.

ते दोन खोल्यांचं घर मी घेतलं. माझ्या आधीच्या खोलीत ओल येत होती. तुझ्या खोलीला पूर्वेची खिडकी आहे, समोर कारखान्याची भिंत आणि वर थोडं आकाश. पलंग जड होता, शेजारी कोणी ओळखीचं नाही, म्हणून दुकानदाराच्या माणसालाच थोडा वेळ थांबवून तो लावून घेतला. जेवायला मी कँटीनमध्ये बसते, तिथे पुष्कळ माणसं असतात.

थंडी वाजत असेल. मायेत काही कमी पडलं तर कळव, पाठवीन.

ताई

तुंगयिन बेट,
१२ जानेवारी १९९७

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पाकिटं सुखरूप आली. कप्तान साहेबांच्या देखत मी यंत्रासमोर वाकून माफी मागितली आणि नवं पाकीट ठेवलं. हवालदार दुने माझे खिसे तपासले.

पहारे वाटायचा प्रोग्रॅम चालू झाला. आता दुला कोणी शिव्या देत नाही, सगळे संगणकाला देतात, आणि त्याला वाईट वाटत नाही. नववर्षाच्या आदल्या संध्याकाळच्या पहाऱ्यात त्याने माझंच नाव काढलं. दु म्हणाला, तुझाच प्रोग्रॅम, एक ओळ बदल आणि घरी जा. मी बदलली नाही. बदलली असती तर पुढे कोणी त्यावर विश्वास ठेवला नसता, आणि तो प्रोग्रॅम मला फार आवडतो. तेव्हा या वर्षी सणाचं जेवण तुझ्यासोबत होणार नाही. माफ कर.

फंग साहेबांना माझा होकार कळवावा. हार्डवेअरचं काम चांगलं आहे. पगार वेळेवर मिळतो, कारखाना मोठा आहे, आणि आपण दोघं एका घरात राहू. मी सर्व बाजूंनी विचार केला आहे.

आपला लोभ आहे, तो असाच राहावा.

आ-छी

शिंचू,
११ फेब्रुवारी १९९७

चि. आ-छी यास,
अनेक उत्तम आशीर्वाद. नव्या वर्षाचेही.

सणाच्या संध्याकाळी मी कामावरून आले आणि जेवण मांडलं. तुझ्या जागी वाटी ठेवली, चॉपस्टिक्स ठेवल्या आणि खुर्चीच्या पाठीला तुझं निळं जाकीट अडकवलं. आई असं करायची, बाबा बोटीवर असायचे तेव्हा. जाकिटाला मासा वाढला. ते तुझ्यापेक्षा सभ्यपणे जेवलं.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. कोणाकडे जायचं नव्हतं, म्हणून तुझी सगळी पत्रं काढून बसले. तू वायरलेस दुरुस्त केलंस ते एका ओळीत आटोपलं आहेस. त्या प्रोग्रॅमसाठी तुला पान पुरलं नाही, मागे लिहिलंस, कडेलाही लिहिलंस. लिउ, वांग आणि ते जुळे आता मला माझ्या शेजारच्या यंत्रावरच्या माणसापेक्षा जास्त ओळखीचे आहेत. तुझं होकाराचं पत्र मात्र इतकं सुवाच्य होतं की मला भीती वाटली. तू मनातलं लिहितोस तेव्हा तुझं अक्षर कधी लागत नाही. आणि मला आपला लोभ असं म्हणणारा हा कोण?

आज फंग साहेबांना नाही म्हणून सांगितलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, माझा मुलगाही चित्रं काढतो.

मला सोबत हवी आहे, हे तू ओळखलंस. हवीच आहे. कामावरून आल्यावर कुलूप उघडताना मला रोज वाटतं की आत दिवा असावा. पण त्या दिव्यासाठी तुला आयुष्यभर त्या पांढऱ्या पोशाखात उभं केलं तर तू मला डोळ्यांपुरताच दिसशील. ते मला पुरणार नाही.

त्साइ दादाला लिही. शाळांची वेळापत्रकं करणारा प्रोग्रॅम म्हणजे तुझ्या पहाऱ्यांचाच मोठा भाऊ दिसतोय. तुझ्या खोलीची काळजी करू नकोस. तिथे मी कपडे वाळत घालते, वाऱ्याच्या दिवसांत बरं पडतं.

उलट लिहू नकोस. मी मोठी आहे.

माया होती तेवढी आहे, कुठेही राहिलास तरी पत्ता कळव.

तुझी ताई

तैपेई,
४ मे १९९७

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू सांगितल्याप्रमाणे उलट लिहिलं नाही. सुटून येताना दोन रात्री तुझ्याकडे राहिलो तेव्हा बोलणार होतो, तर तू सारखी वाढतच होतीस.

कामाला लागलो. चौथ्या मजल्यावर एक खोली, आम्ही चौघंजण, चौघांची तोंडं चार भिंतींना. त्साइ दादा भला माणूस आहे, पण काम चालू असताना त्याला हाक मारली तर विहिरीतून वर आल्यासारखा बघतो. डबा पडद्यासमोरच खायचा. तुझ्या कारखान्यात निदान डोळे तरी दिसतात, इथे मला तिघांच्या पाठी पाठ झाल्या आहेत. काम मात्र, ताई, काय सांगू! एका शाळेत गाण्याच्या बाई एक आणि वर्ग तीस. पहिले तीन दिवस मला दुसरं काही दिसतच नव्हतं. संध्याकाळी खाली उतरलो की इतक्या माणसांत एकालाही हे सांगता येत नाही, तेवढंच.

माझ्या संगणकावर पाकीट नाही हे बघून तिघंही हादरले. मी म्हणालो, ताई आणणार आहे. तेव्हा आता यावं लागेल.

तुझ्या मायेवर भिस्त ठेवून,
आ-छी

शिंचू,
२५ मे १९९७

चि. आ-छी यास,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तुझं ऑफिस बघितलं, पाठीही बघितल्या. मी वाकून पाकीट ठेवलं तेव्हा चारही खुर्च्या वळल्या आणि तुम्ही उठून उभे राहिलात, ते मला आवडलं. त्साइ दादा मला म्हणाला, तुमचा भाऊ कामात असताना स्वतःशी बोलतो. मी म्हटलं, लहानपणी माझ्याशी बोलायचा.

एक नियम लक्षात ठेव. पाकीट ज्याने ठेवलं त्यानेच ते बदलायचं, मुदत संपायच्या आत. आमच्या कारखान्यात असा नियम आहे. म्हणजे नाही, पण तुमच्या ऑफिसात आहे. मी पाकिटावरची तारीख बघून ठेवली आहे. त्याच्या आत येईन.

परतीच्या गाडीत जागा मिळाली. घरी आल्यावर आधी तुझ्या खोलीतला दिवा लावला, मग माझ्या.

जेवणाचा डबा गार करून खाऊ नकोस. माझं लक्ष आहे, इतक्या लांबूनही.

ताई

तैपेई,
२१ सप्टेंबर १९९७

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

ऑगस्टमध्ये तुला येता आलं नाही, या महिन्यातही जादा पाळी लागली, हे कळलं. नवी यंत्रं आली म्हणजे माणसं अडकणारच. रागावलो नाही.

शाळा सुरू झाल्या. वेळापत्रकं सगळीकडे चालू आहेत. गाण्याच्या बाईंनी फोन करून सांगितलं की इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांना बसून जेवायला वेळ मिळाला. फोन ठेवला तेव्हा वाटलं, हे आत्ताच्या आत्ता तुला सांगावं. पण तू पोशाखात असशील.

पाकिटाची मुदत गेल्या रविवारी संपली. ऑफिसात हाहाकार आहे. त्साइ दादा दोनदा म्हणाला की खालच्या दुकानात हिरवी पाकिटं आहेत, जिना उतरायचा अवकाश. काल तर त्याने स्वतःच एक आणून माझ्या टेबलावर ठेवलं. मी ते खाल्लं. म्हटलं, बदलायचं कोणी याचा नियम आहे. तिघंही माझ्या संगणकापासून खुर्च्या लांब सरकवून बसले आहेत.

संगणक अजून शहाण्यासारखा वागतोय. मी दुपारी त्याला सांगतो की ताई येईल, पाळी संपली की येईल. तिसऱ्या खुर्चीवरची मुलगी विचारते की कोणाशी बोलतोस.

लोभ असावा असं लिहायला हात गेला होता. त्याऐवजी लिहितो, ये.

आ-छी