वाटेपुरता खर्च

आई, आज काळे वाटाणे शिजायला लावले आणि तुझी फार आठवण झाली. चतुर्थीच्या सुट्टीला घरी आले आहे. मी दिवाणी न्यायाधीश झाले हे तू पाहिलं नाहीस. पाहिलं असतंस तर आधी माझ्याशी भांडली असतीस, कारण न्यायाधीशांवरचा तुझा राग शेवटपर्यंत गेला नव्हता.

काकाने दगडी गडगा घालून आपली विहिरीकडची वाट अडवली. बाबा तेव्हा नव्हते, तू एकटीच मालवणच्या कोर्टात गेलीस. नुसती वाट मागून थांबली असतीस तर प्रश्न नव्हता. पण गडग्यापलीकडचे दोन माडही आपलेच, असा तुझा हट्ट. वकिलांनी परोपरीने समजावलं. तू म्हणालीस, "मागूचा तर सगळाच मागूचा." निकाल लागला तेव्हा वाट तुला मिळाली, माड काकाचे राहिले, आणि शेवटच्या ओळीत आलं, 'दाव्याचा खर्च ज्याचा त्याने सोसावा.' घरी येऊन तू लुगडंही न बदलता नारळ खवायला बसलीस. "वाट माझी म्हणतत, मगे खर्च माझ्यार कित्याक? म्हंजे मी अर्धी खोटी?" पैशांसाठी तू चिडली नव्हतीस हे मला तेव्हाही कळत होतं. कोर्टाने सांगितलं म्हणून काकाने तुझ्या हातावर एक रुपया जरी ठेवला असता, तरी तो तू वाडीभर दाखवून आली असतीस.

दावा चालू होता तोवर चतुर्थीत काकाचं भजनी मंडळ वाडीतली सगळी घरं घ्यायचं आणि आपलं तेवढं सोडायचं. आपल्या गणपतीपुढे आपण दोघीच आरती म्हणायचो, तू मुद्दाम मोठ्याने. निकालानंतरच्या चतुर्थीला काका गळ्यात मृदंग अडकवून पाडलेल्या गडग्यापाशी येऊन उभा राहतो. मागे काकी आणि टाळवाले. "वैनी, वाट तुमची झाली, माड माझे ऱ्हवले, खर्च ज्याचो त्याचो. आता भजन खंयच्या वाटेन आणू, ता सांगा." तू पदराला हात पुसत बाहेर येतेस. मग म्हणतेस, "इलास ना? बसा मगे." उसळीचं पातेलं त्या दिवशी पुन्हा चढवावं लागलं. वाढता वाढता न्यायाधीशाचा उद्धार मात्र चालूच होता.

गेल्या आठवड्यात माझ्यासमोर असाच दावा संपला. एक विधवा बाई, समोर तिचा दीर. तिने वाट मागितली आणि तोडलेल्या काजूंची भरपाईही. वाट सिद्ध झाली, काजू नाही. जिंकणाऱ्याला खर्च मिळावा हा साधारण नियम. पण असं अर्धंमुर्धं जिंकलं की खर्च कुणी सोसायचा ते न्यायाधीशाने ठरवायचं, आणि कारणं लिहावी लागतात. माझा हात सवयीने 'ज्याचा त्याने'कडेच चालला होता. मग साक्षी पुन्हा वाचल्या. जवळजवळ सगळ्या वाटेच्याच होत्या, कारण इथे वाट कधी नव्हतीच असं दीर शेवटपर्यंत म्हणत राहिला. त्या बाईला कोर्टाची पायरी चढायला त्यानेच लावलं होतं. मी लिहिलं, वाटेपुरता खर्च प्रतिवादीने द्यावा. ऐकून ती एकदम ताठ उभी राहिली. दीर तिच्याकडे न बघता निघून गेला.

निकाल बरोबर आहे, तो मी बदलणार नाही. तुझ्या बाबतीतही असाच व्हायला हवा होता, असं आता मला वाटतं. पण यंदा त्या बाईच्या दारात भजन गेलं असेल का, हे सकाळपासून मनातून जात नाही.

काकाचा मुलगा संध्याकाळी भजन घेऊन येतोय, त्याच वाटेने. उसळ मीच करतेय, तुझ्याइतकी तिखट जमत नाही. हे पत्र तुला कुठे पोचणार आहे, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. निकालानंतरच्या त्या चतुर्थीला भजन रंगलं आणि मी इतक्या वर्षांनी काकीच्या मांडीवर डोकं ठेवून झोपले. तुला खर्च मिळाला नाही याचं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं, आई.